झऱ्यावरील नळयोजनेच्या पाण्याची अनुजैविक तपासणी: नमुना नाकारला जाऊ नये म्हणून

कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर अनेक वाड्यांना डोंगरातील झऱ्याचे पाणी उताराने नळाला येते. पाऊस पडताच ते गढूळ होऊ लागले किंवा वाडीत जुलाबाचे रुग्ण वाढले, तर त्याची अनुजैविक तपासणी, म्हणजे पाण्यात रोगजंतूंचा शिरकाव झाला आहे का याची तपासणी, करून घ्यावी लागते. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. नमुना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक घेतो आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेकडे पाठवतो. वाडीने वर्गणी काढून स्वतः पाइप टाकला असेल आणि योजनेची कागदोपत्री नोंद नसेल, तरी अडून राहण्याचे कारण नाही. जल जीवन मिशनमध्ये या प्रयोगशाळा नागरिकांसाठीही खुल्या केलेल्या आहेत. वैयक्तिक नमुन्याचे शुल्क मात्र आधी विचारून घ्यावे.

अर्जात गाव, वाडी, उद्भवाचे (पाण्याच्या स्रोताचे) नाव, नमुना घेण्याची जागा, तारीख आणि वेळ लिहावी, शेवटी सही करावी. यातली वेळ लिहायची हमखास राहते आणि नमुना तेवढ्यावरून परत येतो. नमुना ‘२४ तासांच्या आत’ प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, या अटीचा अर्थही अनेक जण चुकीचा लावतात. हे २४ तास बाटली तालुक्याला पोचल्यापासून मोजायचे नसून नळाखालून उचलल्यापासून मोजायचे असतात. त्या वेळातही बाटली बर्फात हवी, आणि सहा तासांत पोचवता आली तर उत्तम. शुक्रवारी नमुना नेऊ नये. प्रयोगशाळेत जंतूंच्या वाढीची नोंद २४ आणि ४८ तासांनी घ्यावी लागते आणि शनिवार-रविवार कार्यालय बंद असते. ही साधी गोष्ट अर्जाच्या फॉर्मवर छापायला काय हरकत आहे, हे कोणी सांगत नाही.

सर्वाधिक घोळ बाटलीचा होतो. मिनरल वॉटरची रिकामी बाटली कितीही स्वच्छ धुतली तरी चालत नाही. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. तिच्या तळाशी पांढरट डाग दिसतो, तो मळ समजून लोक बाटली विसळतात. तो सोडियम थायोसल्फेटचा असतो आणि पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठीच घातलेला असतो. बाटली विसळली की क्लोरीन वाटेत काम करत राहतो आणि दूषित पाण्याचाही अहवाल ‘पिण्यास योग्य’ येतो. नळ दोन-तीन मिनिटे सोडून ठेवावा, झाकणाच्या आतील बाजूस बोट लावू नये आणि बाटली काठोकाठ भरू नये. नमुना घेण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकीत भरपूर टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकून अहवाल ‘चांगला आणण्याची’ पद्धत काही ठिकाणी दिसते. त्याने फसवणूक होते ती स्वतःचीच.

एकाच नळाचा एकच नमुना देणे हे दुसरे मोठे दुखणे आहे. अहवाल ‘अयोग्य’ आला, तरी घाण कुठे शिरते हे त्यावरून कळत नाही. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी, साठवण टाकीत आणि शेवटच्या घराच्या नळाला असे तीन नमुने एकाच दिवशी घ्यावेत. झरा स्वच्छ आणि नळ दूषित असेल, तर गळका पाइप किंवा उघडी टाकी शोधावी. झराच दूषित असेल, तर वरच्या अंगाला शौचालयांचे शोषखड्डे, गोठे आणि जनावरांची पायवाट पाहावी. जांभ्याच्या भेगांतून पावसाचे पाणी फारसे गाळले न जाता वेगाने उतरते, त्यामुळे शोषखड्डा बऱ्याच अंतरावर आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार १०० मिलीलिटर पाण्यात कोलिफॉर्म गटातले जिवाणू किंवा त्यांतलाच, आतड्यात राहणारा ई. कोलाय आढळता कामा नये. नुसते कोलिफॉर्म माती-पाल्यातूनही येऊ शकतात, ई. कोलाय आढळले म्हणजे मैल्याशी संपर्क आला आहे, असेच समजावे. अंगणवाडीत किंवा बचत गटाकडे असलेली एचटूएसची (पाणी भरून ठेवून जागीच दूषितपणा पाहण्याची) कुपी काळी पडणे ही धोक्याची सूचना आहे, पण ती प्रयोगशाळेच्या अहवालाऐवजी जोडता येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यावे. साठवण टाकीत १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर मिसळून अर्धा तास थांबावे, आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरतो का, हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने, म्हणजे द्रावणाचे थेंब टाकून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून, पाहावे. उघड्या पोत्यातील पावडरीचा जोर उतरलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

झऱ्याची टाकी नव्याने बांधायची असेल, तर ग्रामसभेचा ठराव आणि अंदाजपत्रक मिळते. अडते ते जमीनमालकांच्या संमतीपत्रावर. झरा बहुधा सामाईक सातबाऱ्यात असतो. त्यावरचे निम्मे हिस्सेदार मुंबईला आणि काही मयत असतात, आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नसते. खासगी जागेत सरकारी निधी खर्च करण्यापूर्वी संमती मागणे योग्यच आहे, पण सगळ्या सह्या आठवड्यात आणा, असे वाडीला सांगणे म्हणजे काम टाळणेच होय. चाकरमानी गणपतीला गावी येतात, तेव्हाच सह्या घ्याव्यात आणि वारस नोंदीचा अर्ज त्याआधीच तलाठ्याकडे द्यावा.

दुरुस्तीनंतरची फेरतपासणी कोरड्या दिवसांत उरकू नये. चांगला पाऊस पडून गेल्यावर त्याच तीन जागांचे नमुने द्यावेत आणि अर्जात जुन्या अहवालाचा क्रमांक लिहावा, म्हणजे दोन्ही अहवाल एकाच उद्भवाचे आहेत हे कागदावर दिसते.