प्रबलन आणि शिक्षा

प्रबलन आणि शिक्षा : एखाद्या वर्तनामागोमाग येणाऱ्या परिणामामुळे ते वर्तन पुढे अधिक वेळा घडू लागले, तर त्या प्रक्रियेस प्रबलन म्हणतात, ते कमी होऊ लागले, तर शिक्षा. रागावण्याने मुलाचा दंगा वाढतच असेल, तर रागावणाऱ्याचा हेतू काहीही असो, ते प्रबलनच ठरते. दोहोंचे धन (काही मिळणे) व ऋण (काही दूर होणे) असे प्रकार करतात. गोळीने डोकेदुखी थांबते, म्हणून पुढच्या वेळी गोळी लवकर घेतली जाते, हे ऋण प्रबलन; त्यालाच शिक्षा समजण्याची चूक सर्रास होते.

या विचाराचा प्रायोगिक पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी घातला. कोडेपेटीत कोंडलेली मांजरे खटका उघडून बाहेर पडायला हळूहळू कशी शिकतात, याचा अभ्यास त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. समाधानकारक परिणामाने उद्दीपक (प्रतिक्रियेला चालना देणारी परिस्थिती) व प्रतिक्रिया यांचा बंध बळकट होतो, त्रासदायक परिणामाने तो सैल होतो, हा त्यांचा परिणामाचा नियम १९११ च्या ग्रंथात सविस्तर आला.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र वादग्रस्त ठरला. माणसांवरील शब्दार्थ-निवडीच्या (दिलेल्या पर्यायांतून शब्दाचा अर्थ निवडण्याच्या) प्रयोगांत ‘बरोबर’ म्हटल्याने उत्तर दृढ होते, पण ‘चूक’ म्हटल्याने ते तितके दुर्बळ होत नाही, असे आढळल्यावर थॉर्नडाइक यांनी १९३२ च्या सुमारास शिक्षेला गौण स्थान दिले. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ च्या प्रयोगात तरफ दाबणाऱ्या उंदरांच्या पंजावर फटका बसे. त्यांचे दाबणे सुरुवातीला मंदावले. परंतु विलोपनाच्या काळात, म्हणजे तरफ दाबूनही अन्न मिळणे बंद असताना, त्यांनी एकूण जवळपास फटका न बसलेल्या उंदरांइतक्याच वेळा तरफ दाबली. विल्यम एस्टिस यांनीही १९४४ मध्ये, शिक्षा वर्तन पुसत नाही, तात्पुरते दडपते, असा निष्कर्ष काढला. हे प्रयोग बहुधा सौम्य शिक्षेचे होते. नेथन अझरिन आणि विल्यम होल्झ यांनी १९६६ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार शिक्षा तीव्र, तत्काळ आणि प्रत्येक वेळी मिळाली, तर तिचा प्रभाव दीर्घकाळ टिकू शकतो. ती सौम्यतेपासून क्रमाक्रमाने वाढवत नेल्यास मात्र प्राणी तिला सरावतो. उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. तरीही शिक्षेला प्रबलनाची निव्वळ उलटी बाजू मानणे कठीण आहे: भय, पलायन व आक्रमकता हे तिचे सहपरिणाम आहेत, आणि काय करावे हे ती शिकवीत नाही. त्यामुळे शिक्षणात व उपचारांत पर्यायी वर्तनाचे प्रबलन करण्याकडे कल असतो, आणि तो रास्त आहे.

प्रबलन किती व केव्हा मिळते, यावर वर्तनाची लय ठरते. चार्ल्स फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या आराखड्यांचा विस्तृत अभ्यास मांडला. प्रतिक्रियांच्या बदलत्या संख्येनंतर मिळणाऱ्या प्रबलनाने वर्तनाचा वेग जास्त व सातत्यपूर्ण राहतो. जुगाराच्या यंत्रांत हाच आराखडा दिसतो. ठराविक कालांतराने मिळणाऱ्या प्रबलनात प्रत्येक प्रबलनानंतर वर्तन थंडावते आणि पुढची वेळ जवळ येताच पुन्हा वाढते. खंडित (काही वेळाच मिळणाऱ्या) प्रबलनाने शिकलेले वर्तन सतत (प्रत्येक वेळी मिळणाऱ्या) प्रबलनाने शिकलेल्या वर्तनापेक्षा विलोपनात अधिक काळ टिकते.

प्रबलनाच्या मज्जाशास्त्रीय आधाराचा शोध जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांच्या १९५४ च्या प्रयोगांनी पुढे नेला. त्यांत मेंदूच्या विशिष्ट भागांना विद्युत् उद्दीपन मिळावे म्हणून उंदीर पुनःपुन्हा तरफ दाबत.