सॅटिन पीपीएफ: धुण्याचे नियम आले कुठून?

सॅटिन पीपीएफ (रंगाच्या रक्षणासाठी गाडीवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ना पूर्ण चकचकीत ना पूर्ण निस्तेज) लावलेली गाडी कशी धुवायची याचे नियम फिल्मबरोबर जन्मले नाहीत. थोडे चकचकीत फिल्मकडून आले, बरेचसे मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाकडून. वॉशिंग सेंटरवर आज जो गोंधळ दिसतो, तो या उसनवारीचा.

पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म आधी व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांवर डकवत, कारण वाळूने पात्यांच्या कडा झिजत. मग ती रेसिंगच्या गाड्यांवर आली, आणि तिथून रस्त्यावरच्या गाड्यांच्या बोनेटवर. ती फिल्म ताठ होती आणि उन्हात पिवळी पडे. तिच्यासाठी वेगळी काळजी कोणी सांगितली नव्हती. रंगाला वॅक्स लावता, तर हिलाही लावा, इतकेच. उन्हात सहसा पिवळी न पडणारी टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) फिल्म आणि 2010 नंतर रुळलेला, बारीक ओरखडे उष्णतेने भरून काढणारा टॉपकोट, म्हणजे सर्वांत वरचा थर, आल्यावर चित्र पालटले. आजची फिल्म साधारण 8 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 200 मायक्रॉन. त्यात बहुतेक जाडी टीपीयूची, खाली चिकटद्रव आणि वर काही मायक्रॉनचा टॉपकोट. सॅटिनपणा असतो तो मुख्यतः या वरच्या थरात.

दुसरे घराणे मॅट रंगाचे. 2007 च्या सुमारास महागड्या स्पोर्ट्‌स गाड्या मॅट राखाडी रंगात आल्या. 2010 च्या आसपास एका जर्मन कंपनीने असा रंग विकताना अमेरिकेतल्या ग्राहकांकडून, काळजीच्या अटी समजल्या असे लिहून घ्यायला सुरुवात केली. कारण उघड होते. मॅट क्लिअरकोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) ओरखडा आला तर तो रबिंगने, म्हणजे कंपाउंड लावून घासून, काढता येत नाही, अख्खे पॅनेल रंगवावे लागते. भारतात 2021 मध्ये एका कोरियन एसयूव्हीची मॅट आवृत्ती आली, 2023 मध्ये आणखी एक-दोन गाड्यांची. सॅटिन फिल्म बाजारात आली तेव्हा मॅट रंगाचे काळजीपत्रक जवळपास तसेच तिला चिकटवले गेले. मॅट रंगाला ते सक्तीचे होते. फिल्म मात्र पॅनेलपुरती बदलता येते, हे त्या पत्रकात कुठे उतरले नाही.

सॅटिन आणि मॅट यांतली रेघही पुसटच आहे. ग्लॉसमीटरवर काळ्या काचेला 100 धरतात आणि 60 अंशांत मोजतात. 70 च्या वर चकचकीत, 10 च्या खाली मॅट, मधला पट्टा सॅटिनचा. पण हा पट्टा इतका रुंद आहे की दोन उत्पादकांची 'सॅटिन' फिल्म शेजारी ठेवली तर वेगळी दिसू शकते. म्हणून एकच पॅनेल बदलताना त्याच उत्पादकाची, त्याच नावाची फिल्म लागते.

खरा घोळ आहे 'पॉलिश' या शब्दात. आपल्याकडे गॅरेजमध्ये रबिंग कंपाउंडलाही पॉलिश म्हणतात, वॅक्सलाही, टायर-डॅशबोर्डवर फासायच्या सिलिकॉनच्या पांढऱ्या द्रवालाही, आणि एके काळी सर्रास विकल्या गेलेल्या 'टेफ्लॉन' कोटिंगलाही. गाडी ग्लॉस असती तर यातल्या कशाने फारसे बिघडले नसते. सॅटिनवर प्रत्येकाचा परिणाम निराळा. या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात, ते प्रकाश विखुरतात, म्हणून तो मऊ दिसतो. वॅक्स आणि सिलिकॉन उंचवट्यांमधल्या खाचा भरतात. भाग डागाळल्यासारखा चमकतो, पण बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल 1:1 पाण्यात मिसळून, मायक्रोफायबरवर घेऊन हलके पुसले की ती चमक निघते. कंपाउंड मात्र उंचवटेच घासून टाकते. तिथला चकाकता ठिपका मग ना उन्हाने जातो ना गरम पाण्याने, कारण टॉपकोट ओरखडा भरून काढतो, गेलेला थर परत आणत नाही. 'सेल्फ हीलिंग' हा शब्द विकणाऱ्यांनी ही बाजू नेहमी दबक्या आवाजात सांगितली. आणि काउंटरवर ग्राहक 'पॉलिश नको' म्हणतो तेव्हा समोरचा बहुधा फक्त मशीन बाजूला ठेवतो. 'शाइन'ची बाटली हातातच असते. त्यापेक्षा 'वॅक्स नाही, सिलिकॉन नाही, रबिंग नाही' असे तिन्ही सुटे सांगितलेले बरे.

मशीनने रबिंग वर्षातून एकदा होत असेल. त्याहून जास्त नुकसान सोसायटीतल्या रोजच्या पुसण्याने होते. एका बादलीत दहा गाड्या, तेच फडके, वरची धूळ न भिजवताच पुसणे. दाराच्या मुठीभोवती आणि बोनेटच्या पुढच्या कडेवर वर्षभरात जो अंडाकृती चकाकता पट्टा उमटतो तो याचाच. वाऱ्याने फडफडणारे कापडी कव्हरही तेच करते. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणे फिल्मला मानवते.

धुण्याची पद्धत आता बऱ्यापैकी ठरली आहे. फिल्म लावल्यावर पहिले 7 दिवस धुवायचे नाही. आत राहिलेले पाणी सुकून फुगे बसायला काही आठवडेही लागतात, ते टोचायचे नाहीत. मग सावलीत, थंड पॅनेलवर आधी फक्त पाणी. प्रेशर वॉशरचे नोजल 40 अंशांचे, किमान 30 सेंमी लांब आणि काटकोनात. कडेला तिरका फवारा मारला की फिल्म उचलली जाते आणि उचललेल्या कडेखाली माती जाऊन काळी रेघ बसते. पीएच न्यूट्रल (ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी) शाम्पू 10 लिटर पाण्याला साधारण 20 मिली (बाटलीवर दुसरे प्रमाण असेल तर ते). 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेली बाटली नको. दोन बादल्या (एक शाम्पूची, एक मिट खळबळायला), तळाशी जाळी, मायक्रोफायबर मिट (हातमोज्यासारखे फडके), वरून खाली. घासायचे नाही, साबणाच्या पाण्यानेच मळ सैल होऊ द्यायचा. सुकवताना टॉवेल पसरून टिपायचा किंवा ब्लोअर वापरायचा.

बोअरचे पाणी असेल तर सुकवण्याची ही शेवटची पायरी टाळता येत नाही. बोनेटवर वाळलेला थेंब मध्ये पारदर्शक आणि कडेला पांढरी कड सोडतो. ग्लॉसवर ती कड पॉलिशने निघते, इथे तो रस्ता बंद. ताज्या डागावर पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी 1:1, एखादे मिनिट, मग भरपूर पाणी. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक उन्हात काही तासांत टॉपकोटमध्ये उतरतो. ओले फडके त्यावर ठेवून मऊ करायचे, खरवडायचे नाही.

दसऱ्याच्या पूजेचा उल्लेख परदेशी पत्रकांत कुठून असणार? हळद-कुंकू थेट बोनेटवर लावले की ते खाचांत बसते. ग्लॉसवर फडक्याने निघते ते इथे राहते. कपड्यांच्या साबणाने धुतले तर हळद लाल होते, कारण तो अल्कधर्मी असतो. न्यूट्रल शाम्पूने धुऊन उरलेला पिवळेपणा उन्हात सोडला तर बराच फिका पडतो. कुंकवातला रंग तसा उडत नाही. तो त्याच दिवशी अल्कोहोलच्या फडक्याने टिपून घ्यावा लागतो. त्याहून सोपे म्हणजे टिळा काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावायचा, आणि हार सेलोटेपने फिल्मच्या कडेवर नव्हे, ग्रिलला दोऱ्याने बांधायचा.

उरलेला वाद सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे फिल्मवर वरून लावायच्या पातळ संरक्षक थराचा. मॅटसाठी बनवलेले कोटिंग पाणी घसरवते आणि डाग आत मुरायला वेळ लावते, हे खरे. साधे ग्लॉस कोटिंग काही फिल्मवर रंग गडद करते, काहींवर फरक दिसत नाही. डिटेलर, म्हणजे गाड्यांची बारकाईने निगा राखणारे व्यावसायिक, यांचे याबाबत एकमत नाही. वॉरंटीच्या कागदावर कोणते कोटिंग चालते ते पाहून, डिकीच्या खालच्या कोपऱ्यात हातभर जागेवर आधी लावून दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलेले परवडते.