प्रगत परिचर्या भूमिकांसाठी अर्ज : सातारा-सांगलीच्या परिचारिकांनी पात्रता आणि कागदपत्रे कशी तपासावीत

अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका (वॉर्डची प्रमुख), मग अधिसेविका (मेट्रन), हा आपल्याकडचा पदोन्नतीचा रुळलेला क्रम आहे आणि त्यात एक अडचण आहे : अनुभव जितका वाढतो, तितकी परिचारिका रुग्णाच्या खाटेपासून लांब जाते. रुग्णसेवेतच राहून अधिक अधिकाराने आणि अधिक ज्ञानाने काम करता यावे, यासाठी २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरसारखे संवर्ग उभे करण्याचा विचार मांडला गेला. आज त्या दिशेने जाणाऱ्या प्रमुख वाटा तीन आहेत. पात्रता आणि प्रशिक्षण तिन्हींचे वेगळे असूनही अनेक उमेदवार त्या एकच समजून अर्ज करतात, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

पहिली वाट समुदाय आरोग्य अधिकारी पदाची. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होऊ लागले आणि उपकेंद्रावर हे नवे पद आले. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी, नियमित औषधांचे वाटप आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे ही या अधिकाऱ्याची मुख्य कामे आहेत. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या वाडीतून, अथवा जतच्या टोकाच्या गावातून, रक्तदाबाच्या गोळीसाठी तालुक्याला जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे असते. या पदाचे मोल तिथे कळते.

या पदासाठी बी.एस्सी. नर्सिंग आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम अशी मूळ अट आहे. नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात हा भाग आता समाविष्ट झाला असल्याने त्या तुकड्यांतील पदवीधरांना तो वेगळा करावा लागत नाही, मात्र जुन्या अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनी आपली स्थिती अर्जापूर्वी तपासावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जी.एन.एम. (परिचर्या व प्रसूतीसेवेची पदविका घेतलेल्या) परिचारिकांचाही उल्लेख आहे, पण महाराष्ट्रात भरती राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातीनुसार होते आणि तीत आयुर्वेद व युनानी पदवीधरही उमेदवार असतात. त्यामुळे शैक्षणिक अर्हतेची ओळ ऐकीव माहितीवर न सोडता जाहिरातीतच वाचावी. नेमणूक कंत्राटी असते. निश्चित मानधनासोबत कामगिरीवर आधारित रक्कम मिळत असल्याने नोंदी वेळेवर आणि खऱ्या भरण्याची सवय असणे महत्त्वाचे ठरते.

दुसरी वाट अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरची. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम असून त्यातील बहुतांश वेळ प्रत्यक्ष अतिदक्षता विभागात जातो. उमेदवार नोंदणीकृत बी.एस्सी. परिचारिका असावी, परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून तिने पदवी घेतलेली असावी, पदवीला एकूण किमान ५५ टक्के गुण असावेत आणि पदवीनंतर किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव असावा. हा अनुभव शक्यतो अतिदक्षता विभागातला असेल तर चांगले. निवड प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून होते. मिरज, सांगली, सातारा किंवा कऱ्हाडच्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या अनेक मुली या निकषांत बसतात, आणि तरीही त्यांना या अभ्यासक्रमाची माहिती नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

तिसरी वाट प्रसूतीसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरची आहे. २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रशिक्षण १८ महिन्यांचे आहे. परिचारिका आणि प्रसविका (मिडवाइफ) अशी दुहेरी नोंदणी आणि प्रसूती कक्षातील प्रत्यक्ष अनुभव या त्याच्या आधाराच्या अटी आहेत. शासकीय सेवेतील परिचारिकेने हा अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फत, योग्य मार्गानेच पाठवावा.

अर्ज करण्यापूर्वी एक मर्यादा नीट समजून घ्यावी. यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमामुळे स्वतंत्र दवाखाना काढण्याचा परवाना मिळत नाही. नर्स प्रॅक्टिशनर संस्थेने मंजूर केलेल्या स्थायी आदेशांच्या (आधीच ठरवून दिलेल्या लेखी सूचनांच्या) आणि उपचारपद्धतींच्या चौकटीत काम करते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य प्रदात्यांना मर्यादित परवान्याची तरतूद असली, तरी स्वतःहून औषध लिहिण्याची मुभा तिथेही प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेतील ठरावीक औषधांपुरतीच आहे.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण पात्र उमेदवारांचे अर्ज बहुधा इथेच अडतात. सर्वांत आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र काढून त्याची मुदत पाहावी. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर कागद वेळेत हाती येईलच याची खात्री नसते. जत, मिरज, कवठेमहांकाळ भागातील बऱ्याच मुली बेळगाव किंवा विजयपूरला शिकतात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटकात झालेली असल्यास तिथल्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्रात नोंदणी करून घेणे आवश्यक आहे आणि या कामाला महिने लागू शकतात, हे गृहीत धरावे.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि परिषदेच्या नोंदणीत तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती मी शिकवलेल्या कित्येक विद्यार्थिनींची पाहिली आहे. यात त्यांचा दोष नसतो, पण पडताळणीच्या टेबलावर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाचे राजपत्र जवळ ठेवावे आणि परिषदेच्या नोंदणीतही तो बदल करून घ्यावा.

अनुभव प्रमाणपत्रात ‘समाधानकारक काम केले’ एवढेच लिहून चालत नाही. कोणत्या पदावर, कोणत्या विभागात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे स्पष्ट हवे, आणि त्यावर जावक क्रमांक, सही व शिक्का हवा. नोकरी सोडतानाच हे मागून घ्यावे. पुढे जुने अधिकारी बदलून गेले की तोच कागद मिळवणे फार कठीण होते. याशिवाय सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, प्रयत्न प्रमाणपत्र (किती प्रयत्नांत उत्तीर्ण झाल्या याचा दाखला), अधिवासाचा दाखला, आरक्षणाचा लाभ घेणार असल्यास जात प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, तसेच जाहिरातीत मागितल्यास लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. नॉन-क्रिमीलेअरची मुदत अर्जाच्या तारखेला चालू आहे ना, हे पाहावे.

प्रवेश मिळून अभ्यासक्रम पूर्ण झाला, तरी एक पायरी उरते. मिळालेली अर्हता महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवावी लागते, आणि शासकीय सेवेत असल्यास त्या नोंदीची प्रत आस्थापना शाखेत देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी लागते.