चेरी काउंटीत माणसं का कमी? वाळूच्या कणाला विचारा

अमेरिकेच्या लोकसंख्येचे रंगीत नकाशे अधूनमधून मोबाइलवर फिरत असतात. त्यात नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर एक मोठा फिकट ठिपका दिसतो, तो चेरी काउंटीचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा). क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाख माणसं होती, चेरी काउंटीत २०२० साली ५,४५५. त्यातली निम्मी व्हॅलेंटाइन या एकाच गावात. पूर्व भागात आणि पश्चिम भागात घड्याळंसुद्धा एका तासानं मागेपुढे. हे पाहिलं की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: वाळवंट असणार, पाणी नसणार.

वाळू आहे, आणि ती भरपूर आहे. ‘सँडहिल्स’ हा सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा या काउंटीतून जातो. काही टेकड्या शंभर मीटरहून उंच आहेत. पण पाण्याचं म्हणाल तर उलट चित्र आहे. पावसाचं पाणी वाहून न जाता वाळूतून सरळ खाली झिरपतं आणि ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्याला मिळतं. दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात तेच पाणी तळी होऊन वर येतं. इथे एखादा पाणाड्या हातावर नारळ ठेवून फिरला तर त्याचं नाव पंचक्रोशीत गाजेल, कारण कुठेही खणलं तरी पाणी लागतंच. (आपल्याकडच्या पाणाड्यांचे किस्से ऐकताना कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशेबही विचारत जावा.)

मग माणसं का नाहीत? कारण या टेकड्या फक्त गवताच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. नांगरानं किंवा अवर्षणानं वरचं गवत गेलं की वारा वाळू उचलू लागतो आणि टेकड्या चालू लागतात. हे नुसतं भाकीत नाही, पूर्वी घडलेलं आहे. ते कधी घडलं हे वाळूच्या कणानंच सांगितलं, आणि कसं सांगितलं ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

वाळूतला क्वार्ट्झ या खनिजाचा कण म्हणजे अणूंची शिस्तबद्ध जाळी. पण जाळीत कुठेकुठे दोष असतात. भोवतालच्या मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं. त्यांच्या किरणोत्सारामुळे क्वार्ट्झमधले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि काही जण या दोषांमध्ये अडकून बसतात. कण उन्हात आला की काही सेकंदांत, फार तर मिनिटांत ते सुटतात आणि पाटी कोरी होते. कण पुन्हा गाडला गेला की अडकणं पुन्हा शून्यापासून सुरू. म्हणून संशोधक टेकडीच्या कापलेल्या बाजूत धातूची नळी ठोकतात, आतली वाळू उजेड न लागू देता प्रयोगशाळेत नेतात आणि मंद लाल दिव्यात ती हाताळतात. मग त्या कणांवर निळा प्रकाश सोडतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना अतिनील प्रकाश देतात. तो जितका जास्त, तितका कणानं साठवलेला किरणोत्साराचा डोस जास्त. समजा डोस निघाला २ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग) आणि त्या जागी दर वर्षी २.५ मिलिग्रे मिळतात, तर २ ला ०.००२५ ने भागायचं: ८०० वर्षं. एवढ्या वर्षांपूर्वी या कणानं शेवटचं ऊन पाहिलं. वाळूतला ओलावा काही किरणोत्सार शोषतो, वरून वैश्विक किरणांची भर पडते, त्यामुळे वार्षिक दर काढतानाच खरा घाम निघतो. ही पद्धत १९८५ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मांडली.

सँडहिल्समधले बरेच नमुने ७०० ते १००० वर्षांपूर्वीचे निघाले. आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते, साधारण त्याच सुमारास इथे दीर्घ अवर्षणानं गवत मेलं होतं आणि टेकड्या सरकत होत्या. १९३० च्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत नांगरलेली माती आकाशात उडाली, तेव्हा मात्र इथलं गवत टिकलं.

लोकांनी नांगर घालून पाहिला नाही असं नाही. १९व्या शतकात नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युएल ऑगी छातीठोकपणे सांगत, की जमीन नांगरली की पाऊस वाढतो! जमिनी विकणाऱ्यांना हे शास्त्र फारच आवडलं. पाऊस काही ऐकला नाही. १९०४ च्या किंकेड कायद्यानं इथे डोईपिछा ६४० एकर जमीन फुकट दिली. कृष्णवर्णीय कुटुंबांनी नॉर्थ लूप नदीकाठी डीविटी ही वस्ती वसवली. पण अशा वाळूत ६४० एकरांत कुटुंब पोसणं कठीण होतं. बहुतेकांनी जमिनी विकल्या आणि त्या मोठमोठ्या रँचमध्ये, म्हणजे गुरं पाळण्याच्या कुरणांमध्ये, मिसळल्या. १९७० च्या दशकात फिरत्या तुषार सिंचनाची यंत्रं लावून मका घ्यायचा प्रयत्न झाला, तोही अनेक ठिकाणी सोडावा लागला. उरलं ते गुरं चारणं, आणि त्यासाठी एका घराला हजारो एकर लागतात.

गवत फाटून वाळू उघडी पडलेल्या खड्ड्याला इथे ‘ब्लोआउट’ म्हणतात. रँचवाले त्याला कुंपण घालतात, त्यात वाळकं गवत पसरतात, जुने टायरही टाकतात. हे काम त्यांनी इतकं चोख केलं, की फक्त उघड्या वाळूतच वाढणारी ब्लोआउट पेनस्टेमन नावाची निळसर फुलांची वनस्पती नामशेष झाली असं १९४० पर्यंत मानलं जाऊ लागलं. १९६८ साली ती पुन्हा सापडली. १९८७ पासून ती अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.