सीडी२०

सीडी२० हे बी-लिम्फोसाइट म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या पेशीपटलातील प्रथिन आहे. त्याची २९७ अमिनो आम्लांची साखळी पटलातून चारदा आरपार जाते आणि तिची दोन्ही टोके पेशीच्या आत राहतात. अस्थिमज्जेतील प्री-बी (बी-पेशीच्या सुरुवातीच्या) अवस्थेच्या सुमारास ते दिसू लागते. बी-पेशीची प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी स्रवणारी पेशी) होताना ते नाहीसे होते. लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) बी-पेशींचा की टी-पेशींचा, हे ठरवताना सीडी३ (टी-पेशींची खूण) बरोबर याचे रंजन (अँटिबॉडीने ऊतकात रंगवून दाखवणे) जवळजवळ नेहमीच केले जाते.

पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतकावर) सीडी२० च्या अँटिबॉडींपैकी एल२६ हा क्लोन (एकाच पेशीवंशातून बनलेली अँटिबॉडी) सर्वाधिक रुळला आहे. तो प्रथिनाच्या पेशीतील भागाला चिकटतो. ऊतक १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ४८ तास ठेवतात. ३-४ मायक्रॉनचे काप चार्ज्ड स्लाइडवर घेऊन ६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात. मेण झायलीनने काढून, उतरत्या अल्कोहोलमधून काप पाण्यात आणतात. मग पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीए द्रावात ९५ ते ९९ अंशांवर सुमारे २० मिनिटे अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलेले प्रथिन पुन्हा उघडे करणे) होते. स्लाइड त्याच द्रावात निवू द्यावी. घाईने बाहेर काढली तर काप सुटतो. पुढे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड (ऊतकातील मूळ पेरॉक्सिडेज थोपवायला), प्राथमिक अँटिबॉडी (एल२६), एचआरपी पॉलिमर (तिला चिकटणारे विकरयुक्त द्रव्य), ५ ते १० मिनिटे डॅब (तपकिरी रंग देणारे द्रव्य) आणि शेवटी हिमॅटॉक्सिलिन (केंद्रके निळी करणारा रंग). अँटिबॉडीची विरलता किटवरून न उचलता प्रयोगशाळेने स्वतः ठरवावी. काप मध्येच कोरडा पडला की कडांना खोटा तपकिरी रंग चढतो.

कंट्रोलसाठी (रंजन नीट झाले का हे पडताळायला) टॉन्सिल उत्तम: फॉलिकलच्या (बी-पेशींच्या पुंजक्यांच्या) पेशींभोवती ठसठशीत कडे, टी-विभागात तुरळक पेशी, पृष्ठभागावरच्या स्क्वॅमस पेशी कोऱ्या. रंग पटलावरच हवा. नुसता केंद्रकात दिसला तर तो धरू नये. मोठ्या हॉजकिन पेशीला (हॉजकिन लिम्फोमातील कर्कपेशीला) बी-लिम्फोसाइट खेटून बसले असतील, तर त्यांचे कडे तिचेच वाटते. कॅल्शियम काढण्यासाठी अस्थिमज्जेचा तुकडा तीव्र आम्लात जास्त वेळ राहिला तर रंग फिका येऊ शकतो. ईडीटीएने कॅल्शियम काढणे सावकाश, पण सुरक्षित.

रिटुक्सिमॅब हे बी-पेशींच्या लिम्फोमावरील औषध (अमेरिकेत मान्यता १९९७) याच प्रथिनाच्या बाहेरील भागाला चिकटते. त्यामुळे उपचारानंतर लगेच केलेल्या फ्लो सायटोमेट्रीत (द्रवातील सुट्या पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजण्याच्या तपासणीत) सीडी२० झाकलेले असू शकते. एल२६ पेशीतील भागाला चिकटत असल्याने त्याला ही अडचण येत नाही. कंट्रोल ठीक असूनही गाठ कोरी राहिली, तर प्रथिन खरोखरच गेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पीएएक्स५, सीडी७९ए किंवा सीडी१९ या बी-पेशींच्या इतर खुणा लावल्याशिवाय ‘बी-पेशी नाहीत’ असे लिहू नये. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा (प्लाझ्मा पेशीकडे झुकलेल्या बी-पेशींचा) तर उपचाराआधीही बहुधा सीडी२० निगेटिव्हच असतो.