हेल्मेटमधलं ब्लूटूथ: रेडिओ, कान आणि लक्ष

शीव किंवा कुर्ल्याच्या सिग्नलला दोन मिनिटं उभे राहा आणि नुसते दुचाकीस्वार बघा. एकाने मोबाइल हेल्मेट आणि गालाच्या फटीत खोचलेला असतो. दुसऱ्याच्या दोन्ही कानांत इअरबड असतात. तिसऱ्याच्या हेल्मेटला डाव्या बाजूला काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी चिकटवलेली असते. पहिल्याचं तर सगळंच चुकलेलं आहे. फोन खोचला की हेल्मेटची बसकण बिघडते, आणि पडलाच तर काच आणि धातूचा तो तुकडा थेट गालाच्या हाडावर दाबला जातो. तिसरा या तिघांत सगळ्यात शहाणा. पण त्याच्या डबीने नेमकं काय सुटतं आणि काय सुटत नाही, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

रेडिओचं कोडं मात्र खरोखर सुंदर सुटलेलं आहे. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हा डच अभियंता फोन आणि त्याची जोडउपकरणं यांच्यातली वायर काढून टाकण्याच्या कामाला लागला, त्यातून ब्लूटूथ आलं. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. हा पट्टा विनापरवाना, त्यामुळे घरोघरचं वायफाय, मायक्रोवेव्ह ओव्हन, मनगटावरची घड्याळं अशी सगळ्यांची तिथे गर्दी. त्यातून वाट काढायला ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. संगीत आणि कॉल वाहून नेणारं ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ कप्पे करतं आणि सेकंदाला जास्तीत जास्त १६०० वेळा एका कप्प्यातून दुसऱ्यात उडी मारतं. म्हणजे ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी जेमतेम एक सेंटीमीटर पुढे सरकते, तेवढ्यात पुढच्या उडीची वेळ झालेली असते. कोणते कप्पे गजबजलेले आहेत ते ओळखून तेवढे टाळण्याची सोयही २००३ पासून त्यात आहे. पुढे पाणी तुंबलंय हे कळताच गल्ली बदलणाऱ्या रिक्षावाल्यासारखं ते वागतं. म्हणून सिग्नलला पन्नास फोन एकमेकांना खेटून उभे असले, तरी तुमच्या हेल्मेटमध्ये तुमचंच गाणं वाजतं.

मग ते मध्येच का तुटतं? आणि तेही गर्दीत नाही, तर पश्चिम द्रुतगती महामार्गावर रस्ता मोकळा मिळाला की? याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या खिशात असतं. या लहरींची लांबी साधारण बारा सेंटीमीटर, आणि पाणी त्या शोषून घेतं. माणसाचं शरीर बव्हंशी पाणीच. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि डबी हेल्मेटच्या डाव्या बाजूला, म्हणजे दोघांच्या मध्ये तुमचं अख्खं धड आडवं आलं. घरात हे जाणवत नाही, कारण लहर भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटून वळसा घालून पोहोचते. चिंचोळ्या गल्लीतही दोन्हीकडच्या इमारती तेच काम करतात. मोकळ्या रस्त्यावर आपटायलाच काही नसतं, आणि शरीराची सावली उघडी पडते. नवं हेडसेट घेण्याआधी फोन जॅकेटच्या डाव्या वरच्या खिशात ठेवून बघा. हँडलवर होल्डर लावला तर वाट आणखी मोकळी होते, पण इंजिनाच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो. खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये तसा इशारा दिला आहे.

पावसाचं उगाच भय असतं. फोन आणि हेल्मेट यांच्यातल्या हातभर अंतरात पडणारे थेंब लहरीला अडवत नाहीत. पाणी शिरतं ते चार्जिंगच्या भोकातून, रबरी झाकण नीट दाबलेलं नसलं की. खरेदी करताना एक बारकावा ध्यानात ठेवा. खोक्यावरच्या ‘आयपी ६७’ मधला ७ हा आकडा सांगतो की वस्तू एक मीटर साचलेल्या पाण्यात अर्धा तास तग धरते. जोराने येणाऱ्या धारेची चाचणी वेगळी असते, तिचे याच दुसऱ्या जागेवरचे आकडे ५ आणि ६. जुलैत चालत्या गाडीवर पाऊस धारेसारखा येतो, म्हणून मुंबईत ते आकडे जास्त कामाचे.

आता गाणं आणि कॉल यांत फरक का पडतो ते बघू. गाणं ऐकताना हेडसेट थोडा साठा करून ठेवतं. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवायला सेकंदाचा दशांश किंवा थोडा जास्त वेळ हाताशी असतो, आणि तेवढा उशीर गाण्यात कळतही नाही. संभाषणात असा उशीर चालत नाही, दोघेही एकदम बोलू लागतात. म्हणून कॉल आला की हेडसेट गाण्याचा मार्ग सोडून दुसऱ्याच मार्गावर जातं. तिथे साठा जवळपास नसतो, हरवलेलं परत मागवायला फारशी सवड नसते, आणि जुन्या पद्धतीत तर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जातो. ‘स’ या व्यंजनाची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. ती छाटली गेली, की ‘साठ नंबर’ म्हणणाऱ्याचं ‘आठ नंबर’ ऐकू येऊ शकतं. वाऱ्याच्या खालच्या सुरातल्या घुंईने वरचे सूर आणखी झाकले जातात. नव्या हेडसेटमध्ये सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि बोलणं बरंच स्पष्ट येतं, पण फोन, हेडसेट आणि दोन्हीकडचं नेटवर्क तसं असेल तरच. ऐकणाऱ्याचा मेंदू मात्र दोन्ही प्रकारांत राहिलेल्या फटी अंदाजाने भरत बसतो. हे काम फुकट होत नाही. त्याचा हिशेब पुढे येईल.

परदेशी बाईकस्वारांचे सल्ले वाचले तर सगळं लक्ष वाऱ्यावर असतं, आणि ते बरोबरच आहे. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या हनुवटीखालून घुसणारी हवा आत ९५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त गोंगाट करते. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेची मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज आणखी चढवायचा. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जुन्या महामार्गाने खंडाळ्याचा घाट चढून पुढे लांब जाणाऱ्यांनी म्हणूनच फोमचे इअरप्लग घालून त्यावरून हेल्मेटचे स्पीकर ऐकावेत. वारा दबतो आणि स्पीकर कमी आवाजातही पुरतो.

मुंबईच्या आत मात्र गणित उलटं आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, पूर्व मुक्त मार्ग, इतकंच काय जे. जे. उड्डाणपूलसुद्धा दुचाकींना बंद. शहरातले बहुतेक वेगवान रस्ते वगळून दुचाकीस्वार खाली, बस, टेम्पो, हातगाड्या आणि पादचारी यांच्यात असतो. त्याच्या हेल्मेटमध्ये वारा फारसा नसतो, हॉर्न असतात. हे हॉर्न इतके, की २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी सिग्नलला आवाजमापक जोडून ८५ डेसिबल ओलांडले की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील अशी योजना लोकांपुढे आणली होती. हा कलकलाट त्रासदायक आहे, पण त्यातच उपयोगाची माहितीही असते: डावीकडून घुसणारी रिक्षा, मागून येणारी रुग्णवाहिका. आवाज कुठून आला हे मेंदू ओळखतो ते मुख्यतः दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून. वेळेचा हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. कानाच्या भोकात बसणारे इअरबड हा नाजूक हिशेब बिघडवतात, बाहेरचा आवाज रद्द करणारी (नॉइज कॅन्सलिंग) सोय चालू असेल तर फारच. हेल्मेटचा स्पीकर कानापासून थोडा दूर असतो, बाहेरचा आवाज बाजूने आत येत राहतो. शहरात तोच घ्यावा.

तो बसवण्याची रीत मात्र नीट हवी. गालाची गादी काढली की बऱ्याच हेल्मेटमध्ये कानापाशी एक गोल खळगा सापडतो, स्पीकर तिथेच. हेल्मेट घालून बघा: स्पीकरचा मध्य कानाच्या भोकासमोर हवा. सेंटीमीटरभर सरकला तरी आवाज उतरतो, गाण्याचा खर्ज जातो, आणि माणूस विनाकारण आवाज चढवतो. खळगा नसेल तर आतला थर्माकोल कोरून जागा करू नका. आदळल्यावर चिरडून धक्का झेलण्याचं काम तो थर्माकोलच करतो.

इतकं सगळं जमवलं, हात हँडलवर, डोळे रस्त्यावर, आवाज स्वच्छ. तरीही चालत्या गाडीवर कॉल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९९७ साली रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी टोरांटोच्या ६९९ चालकांच्या फोन-नोंदी त्यांच्या अपघातांशी ताडून पाहिल्या. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झालेला दिसला नाही. ते सगळे मोटारींचे चालक होते. दुचाकीवर तर तोलही सांभाळायचा असतो. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने नकली गाडीत बसवलेल्या चालकांच्या नजरेचा माग घेतला. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या पाटीवर थेट टेकलेली असायची, आणि नंतर विचारलं तर ती पाटी पाहिल्याचं त्यांना सांगता यायचं नाही. डोळ्यांनी आपलं काम केलं होतं, मेंदूने ते उचललं नव्हतं. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेल जस्ट यांनी नकली ड्रायव्हिंग करणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. कानावर पडणारं वाक्य खरं की खोटं एवढंच ठरवायचं होतं, तरी जागेचं भान ठेवणाऱ्या भागातली ड्रायव्हिंगशी निगडित हालचाल ३७ टक्क्यांनी घटली.

डबल सीट बसलेल्याशी गप्पा चालतात, मग फोनने काय बिघडतं, असं विचारलं जातं. मागे बसलेल्यालाही रस्ता दिसतो. पुढे बस आडवी आली की तोही वाक्य अर्धवट सोडतो, खांदा दाबतो, ‘जपून’ म्हणतो. अंधेरीच्या ऑफिसात बसून फोन करणाऱ्याला तुमच्यासमोर काय चाललंय ते दिसत नाही. तो उत्तराची वाट बघत असतो, आणि तुम्ही तुटक आवाजातल्या फटी भरत उत्तर जुळवत असता. ताशी ४० ला गाडी दर सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. गाण्याला उत्तर द्यावं लागत नाही. स्ट्रेयर यांच्याच २००१ च्या प्रयोगात नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं ड्रायव्हिंग लक्षात येण्याइतकं बिघडलं नव्हतं, संभाषण करणाऱ्यांचं बिघडलं होतं. म्हणून हळू आवाजातलं गाणं मला चालतं, आणि ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ सांगणारा नकाशा तर पडद्याकडे बघण्यापेक्षा कितीतरी बरा. कायदा मात्र अजून हातावरच अडला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली घातलेला उल्लेख हातात धरायच्या उपकरणाचा आहे.

ज्याचं पोटच कॉलवर आहे त्याला ‘उचलू नका’ सांगून भागत नाही. जेवणाचं पार्सल आणणाऱ्याला ग्राहक फोन करतो, ‘कुठे पोहोचलास’ विचारायला. त्याचं ठिकाण अ‍ॅपमध्ये हलताना दिसत असतं, तरी. इथे अर्धा उपाय फोन करणाऱ्याच्या हातात आहे: पत्त्यात इमारतीची खूण आणि विंग आधीच लिहावी, कॉल टाळावा. उरलेला अर्धा हेडसेटच्या सेटिंगमध्ये आहे. अनेक हेडसेटमध्ये कॉल आपोआप उचलण्याची सोय असते, ती आधी बंद करा. आयफोनवर ‘ड्रायव्हिंग फोकस’ आणि काही अँड्रॉइड फोनवर तशीच सोय असते. ती लावली की मेसेजच्या सूचना थांबतात (हेडसेट जोडलेलं असताना आयफोन कॉल येऊ देऊ शकतो, म्हणून कॉलचं सेटिंगही तपासा), आयफोनवर मेसेज करणाऱ्याला ‘गाडीवर आहे’ असं उत्तरही जातं, आणि नकाशा बोलत राहतो. घरच्यांचे नंबर अपवादात टाकता येतात. मग ती रिंग वाजली की डावीकडे घेऊन, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून बोलायचं.