जुन्या संगणकाची तारीख मागे का जाते?

इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप अजून चालू असेल, तर त्याची एक तक्रार हमखास असते. सुट्टीत महिनाभर पुण्या-नागपूरकडे जाऊन यावं, मशीन सुरू करावं, तर काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' येतं, म्हणजे साठवलेली सेटिंग बिघडल्याचा इशारा. एफ-वन दाबून आत जावं, तर तारीख 1 जानेवारी 2002. सिल्व्हर मॉलमधला दुकानदार कॅबिनेट न उघडताच सांगतो, "काकाजी, सेल गया." सेल म्हणजे मशीन बंद असताना आतलं घड्याळ चालवणारी बोर्डावरची छोटी बॅटरी. बहुतेकदा त्याचं खरंही असतं. पण सेल इतक्या लवकर का जातो, आणि नवा घातल्यावरही काही मशीन वेळ का चुकवतात, हे समजायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

आयबीएमचा पहिला पीसी 1981 साली आला, तेव्हा त्यात बंद असताना चालणारं घड्याळ नव्हतंच. सुरू केलं की डॉस, म्हणजे तेव्हाची कार्यप्रणाली, आधी तारीख विचारायचं, मग वेळ. घाईत नुसतं एंटर दाबलं की मशीनच्या लेखी 1 जानेवारी 1980 उजाडायचा. डॉसच्या फाइलींना त्याआधीची तारीख लावताच येत नाही, कारण तिथली कालगणनाच त्या दिवसापासून सुरू होते.

हा त्रास 1984 च्या पीसी-एटीने मिटवला. तिच्या बोर्डावर मोटोरोलाची एक घड्याळ-चिप होती, शेजारी 32,768 हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक आणि जोडीला बॅटरी. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो, म्हणून मनगटी घड्याळांतही हाच स्फटिक असतो. त्याच चिपमध्ये थोडी मेमरी होती, हीच ती 'सीमॉस', आणि हार्ड डिस्क कोणती, फ्लॉपी किती, ही माहिती तिथेच राहायची. सेल संपला की वेळेबरोबर सेटिंगही जातात, ते या शेजारामुळे. मग बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आपल्या पोटातली ठरावीक तारीख लावून मोकळा होतो. ती बहुधा बोर्ड बनला त्या सुमाराची असते. बिल हरवलेल्या मशीनचं वय ओळखायला ही तारीख बरी पडते.

त्या चिपने वर्षाचे दोनच अंक ठेवले होते, आणि शतकाचा आकडा बायोसने वेगळ्या जागी सांभाळायचा होता. 2000 साल उजाडताच संगणक वर्ष चुकवतील या भीतीने 1999 च्या अखेरीस झालेल्या धावपळीचं एक मूळ इथे आहे.

सेलचीही पिढी बदलत गेली. सुरुवातीच्या अनेक बोर्डांवर पिंपाच्या आकाराची, चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी डाग देऊन बसवलेली असायची. ती गळली की तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. असं हिरवट पडलेलं बोर्ड दिसलं तर घड्याळाची चिंता सोडा, आधी बॅटरी काढा. मग डॅलस कंपनीची, सेल आतच बंद केलेली काळी चिप आली. आणि शेवटी 3 व्होल्टचा चपटा सीआर 2032 रुळला, जो आजही रुपयाच्या नाण्यासारखा खाचेत बसलेला दिसतो.

इंदूरच्या घरांचा संबंध येतो तो इथे. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स ही बोर्डाची रचना आणली. तिच्यात मशीन बंद असलं तरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बोर्डाला 5 व्होल्टचा थोडा प्रवाह देत राहतो. घड्याळ त्यावर चालतं आणि सेल जवळजवळ खर्च होत नाही. अट एकच, भिंतीवरचं बटण चालू हवं. आपल्याकडे ते कोण चालू ठेवतं? नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकांत मध्य प्रदेशातल्या लोडशेडिंगने हाताला वळणच असं लावलं की काम झालं की आधी शटडाऊन, मग यूपीएस, मग भिंतीचं बटण. आकाशात वीज चमकली तर प्लगसुद्धा काढायचा. सवय वाईट नाही, पण तेवढा सगळा वेळ घड्याळ सेलवर जगतं. सीआर 2032 ची क्षमता सुमारे 220 मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाने 5 मायक्रोअँपिअर ओढले तर हिशेबाने पाच वर्षं, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून माझं मत असं, की अशा घरात दर तीन-चार वर्षांनी सेल बदलावा, तक्रारीची वाट पाहू नये. मल्टिमीटरवर अडीच व्होल्टच्या आसपास दिसला तर तो गेलाच समजा.

सेल नवा आहे आणि तरी वेळ मागे पडते, तेव्हा खूण अशी: बंद असताना चुकते की चालू असताना? चालू असताना चुकत असेल तर दोष सेलचा नाही. डॉस आणि विंडोज चिपकडून वेळ घेतात ती फक्त सुरू होताना, पुढे स्वतःच मोजतात. डॉसच्या काळी हे मोजणं सेकंदाला 18.2 ठोक्यांनी व्हायचं. इतका वेडावाकडा आकडा का? पहिल्या पीसीत अमेरिकी रंगीत टीव्हीला जुळणारा 14.31818 मेगाहर्ट्झचा एकच स्वस्त स्फटिक होता. त्याला बाराने भागलं, मग 65,536 ने, आणि जे उरलं ते सगळ्यांनी स्वीकारलं. एखादा गेम किंवा बिघडलेला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसला की काही ठोके हुकतात. अशा मशीनला रीस्टार्ट केल्यावर वेळ आपोआप सुधारते, आणि हीच त्याची ओळख.

स्फटिकही अगदी बिनचूक नसतो. दहा लाखांत वीस इतका फरक चालतो असं धरलं, तर दिवसाला पावणेदोन सेकंद, म्हणजे महिन्याला जवळपास मिनिट. हा स्फटिक साधारण 25 अंशांवर सगळ्यात जलद चालतो, त्यापेक्षा गरम किंवा थंड, दोन्हीकडे मंदावतो. मे महिन्यात कॅबिनेटच्या आत 45 अंश झाले तर दिवसाला सव्वा सेकंद आणखी मागे. यासाठी बोर्ड बदलायला सांगणाऱ्या दुकानातून सरळ उठून यावं.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. विंडोज चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवतं, ही डॉसची परंपरा. लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सहसा तिथे जागतिक, म्हणजे ग्रिनिचची वेळ ठेवते. एकाच मशीनवर दोन्ही असतील तर त्यांची ओढाताण होते. हे साडेपाच तास 1 जानेवारी 1906 पासूनच्या भारतीय प्रमाणवेळेचे, 82.5 अंश रेखांशाचे. पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनचं रेखांश आपल्या ज्योतिर्गणितात शून्य मानलं जायचं, पण प्रमाणवेळेची रेघ गेली मिर्झापूरजवळून. त्यामुळे इंदूरचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण साडेसव्वीस मिनिटं मागे असतो. ते मात्र कोणत्याही सेटिंगने सुटणार नाही.

इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडली. घरगुती मशीनवर ती रुळली विंडोज एक्सपीबरोबर, आठवड्यातून एकदा. पण एक्सपी तारीखच चुकलेली असेल तर वेळ जुळवायला नकार देतं, म्हणून आधी तारीख हाताने घाला आणि मग 'अपडेट नाऊ' दाबा. एवढं करूनही बँकेची साइट उघडली नाही तर घड्याळाला बोल लावू नका. चुकीच्या तारखेने साइटची प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याची डिजिटल ओळख) अवैध दिसतात हे खरं, पण मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुधारणा देणं 8 एप्रिल 2014 ला थांबवलं आणि त्यातली जुनी प्रमाणपत्रं आता बाद होत चालली आहेत.